आखाड्यातून शाळेच्या अंगणात

अंबरनाथजवळच्या पालेगावासारख्या गावांतील मुलांनाही आज ‘तायक्वांदो’ हा शब्द परका नाही. १९५५ साली कोरियात हे नाव रूढ झाले आणि २००० साली सिडनी येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये पूर्ण स्थान मिळाले. त्याच्या वर्गात मुले रांगेने उभी राहून शिक्षकाच्या आज्ञेसरशी एकेक हालचाल करतात. स्वसंरक्षणाची विद्या समूहाला शिकविण्याची ही रीत आपल्याकडेही जुनी आहे. बडोद्याचे राजरत्न प्रो. माणिकराव यांनी तिच्यासाठी आपले आयुष्य वेचले.

माणिकरावांचे मूळ नाव गजानन यशवंत तांबे. त्यांचा जन्म १८७८ चा. बडोद्यातील जुम्मादादा या मुसलमान वस्तादांपाशी त्यांनी मल्लविद्येचे व शस्त्रविद्येचे शिक्षण घेतले. पुढे गुरूंचा आखाडा त्यांनीच चालविला, वाढविला आणि त्याला गुरूंचेच नाव राहू दिले. ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ हे नाव म्हणजे शिष्याने फेडलेले ऋणच होय.

आखाड्यात वस्ताद एकेका शिष्याला हाताशी धरून शिकवितो. शाळेत मात्र शिक्षक एक आणि मुले चाळीस. ही अडचण माणिकरावांनी सांघिक व्यायामाने सोडविली. लाठी, लेझीम यांसारख्या प्रकारांतील हालचाली त्यांनी अंकवार पाडल्या, त्यांना आज्ञांची जोड दिली आणि त्या आज्ञा इंग्रजीऐवजी भारतीय शब्दांत बसविल्या. कवायतीचा हुकूम इंग्रजीतच हवा, हा समज त्यामुळे ढळला. आज्ञा समजली म्हणजे मूल केवळ दचकून हलत नाही, जाणून हलते.

विद्या घेऊन शिष्य दूरवर गेले. जगन्नाथ गणेश गुणे यांनी १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांपाशी भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले व १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. गुजरातेत छोटुभाई व अंबुभाई पुराणी या बंधूंनी व्यायामशाळांची चळवळ उभारली, तिलाही प्रेरणा बडोद्याचीच होती. १९५४ साली माणिकराव निवर्तले.

त्यांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. माणिकराव निष्णात हाडवैद्यही होते. प्रहार शिकविणाऱ्याच्या ठायी इजा जोडण्याचेही ज्ञान असावे, ही आखाड्याची परंपरा आहे. मूल किती जोराने मारू शकते, यावरून शिकवण जोखू नये. उगारलेला हात ते कोठे थांबवू शकते, हे पाहावे.

खेड्यातील शाळेला यासाठी मोठा खर्च लागत नाही. मोकळे अंगण, काही लेझिमी आणि नियमित वेळ पुरते. लेझीम तर स्वतःच परीक्षक असते : एकाची चूक झाली की नाद फुटतो व ती त्याची त्यालाच कळते. लाठी देताना दोन मुलांमध्ये ती पूर्ण फिरेल इतके अंतर आधी आखून घ्यावे. पहिले दिवस केवळ उभे राहणे, पवित्रा व थांबणे एवढेच शिकवावे.

व्यायामाचा तास गणितासाठी सहज घेतला जातो. ज्या दुबळ्या, भित्र्या मुलाला वर्गात उत्तर देण्याचा धीर होत नाही, त्याचा या तासावर हक्क आहे. अंगणात ताठ उभे राहण्यास शिकलेले मूल वर्गातही उभे राहते.