यंत्र आणि गृहस्थ : लेखांक ७ – लॅपटॉप अकस्मात मिटतो तेव्हा

फाल्गुन सरून चैत्र लागला, शिजवलेली हळद अंगणांत आणि खळ्यांवर वाळत पडली आणि हिंगोली व वसमत येथील बाजारांत पिवळ्या ढिगांचे सौदे होऊ लागले, की त्याच सुमारास लॅपटॉपविषयीच्या दोन तक्रारी या जिल्ह्यात हटकून ऐकू येतात: एक, काम चालू असता यंत्र कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि दुसरी, बंद पडत नाही तेव्हा ते इतके मंद चालते की त्यापेक्षा बंद पडलेले बरे. तक्रारदार या दोहोंना भिन्न व्याधी समजतो. दुरुस्तीवाला बहुधा दोहोंवर ‘फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू’ हा एकच उतारा सांगतो. आणि वस्तुस्थिती अशी की व्याधी पुष्कळदा खरोखरच एक असते, पण तिच्यावर हा उतारा चालत नाही.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर नावाची जी जेमतेम दीड-दोन चौरस सेंटिमीटरची सिलिकॉनची चकती असते, ती काम करताना पंधरा ते पंचेचाळीस वॉट वीज उष्णतेत रूपांतरित करीत असते. ही उष्णता तांब्याच्या चपट्या नळीवाटे यंत्राच्या कडेला असलेल्या पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत नेली जाते, आणि तेथे एक छोटा पंखा बाहेरची हवा आत ओढून त्या पात्यांमधून बाहेर लोटतो. या साऱ्या व्यवस्थेचे यश एका साध्या नियमावर अवलंबून आहे: तप्त वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांत अंतर जेवढे अधिक, तेवढी उष्णता शीघ्र बाहेर पडते. वातानुकूलित कचेरीत हवा २५ अंश सेल्सिअस असली, तर ९५ अंशांपर्यंत तापलेल्या चकतीला ७० अंशांचे अंतर मिळते. तोच लॅपटॉप वैशाखातल्या दुपारी सेनगावकडील एखाद्या पत्र्याच्या खोलीत ४२ अंशांच्या हवेत चालविला, तर ते अंतर ५३ अंशांवर येते, म्हणजे पंखा पूर्वीच्याच निष्ठेने फिरत असूनही उष्णता वाहून नेण्याचे सामर्थ्य जवळजवळ एकचतुर्थांशाने घटते. भोवतालची हवा ३५ अंशांच्या वर नसावी, अशी अट अनेक निर्माते आपल्या माहितीपत्रकात लिहून ठेवतात. आपल्याकडे उन्हाळाभर ती दररोज दुपारी मोडली जाते आणि तिची दखल ना विकणारा घेतो ना विकत घेणारा.

आता प्रोसेसर काही असहाय नसतो. तापमान त्याच्या मर्यादेपाशी (ही मर्यादा बहुधा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते) आले, की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि पडद्यावर आपल्याला दिसते ते यंत्राचे मांद्य. एवढे करूनही उष्णता वाढतच राहिली, तर आपले अंतरंग जळू नये म्हणून यंत्र वीज तोडून टाकते, आणि आपल्याला दिसते ते यंत्राचे अकस्मात मिटणे. एकाच तापाच्या या दोन पायऱ्या होत; ज्याचा लॅपटॉप आज दुपारी रेंगाळला त्याचा पुढच्या आठवड्यात बंद पडला, तर त्यात नवल नाही.

उन्हाळ्याला धुळीची साथ मिळते, ती नेमकी याच मोसमात. वाळलेली हळद ढोलात घालून पॉलिश करताना साल आणि माती यांची जी सूक्ष्म धूळ उडते, ती आडत दुकानापासून सेवा केंद्राच्या टेबलापर्यंत सर्वत्र पोहोचते. आश्विनात सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि हिवाळ्यात कापसाचा तंतू यांनी तिची पूर्वतयारी करून ठेवलेलीच असते. ही सारी केरकचऱ्याची आवक पंखा आणि पात्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत साठते आणि वर्षा-दोन वर्षांत तेथे घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट थर तयार होतो, जो बाहेरून दिसत नाही. त्यातच आपल्या व्यापारी पेढ्यांवर लॅपटॉप गादीवर ठेवून हिशेब करण्याचा प्रघात. बहुतेक यंत्रे हवा तळाकडून ओढतात, आणि गादीने तळच झाकला म्हणजे पंख्याने ओढावे तरी काय? खाली एखादी फळी सरकविली, तरी फरक पडतो. कूलरची थंड हवा मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात यंत्रालाही मानवते. मात्र तुषार अंगावर येतील इतक्या जवळ ते ठेवू नये.

तथापि प्रत्येक अपराध उष्णतेच्या माथी मारणे न्यायाचे नाही, आणि म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी थोडा तपास करावा. सर्वांत स्वस्त परीक्षा अशी: जे काम दुपारी करताना यंत्र मिटते, तेच काम पहाटे करून पाहावे, पहाटे ते निर्वेध चालले, तर संशय उष्णतेवर पक्का होतो. ॲडॅप्टर काढताच, किंवा बॅटरी अजून तीस-चाळीस टक्के दाखवीत असता यंत्र बंद पडले, तर दोष बॅटरीचा; विंडोजच्या ‘बॅटरी रिपोर्ट’मध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात, आणि ४१ वॉट-तासांच्या जागी पंधराच उरले असतील, तर निराळ्या पुराव्याची गरज नाही. बॅटरी पार निकामी झाली असल्यास वीज क्षणभर गेली तरी यंत्र विझते, आणि बोल महावितरणला लागतो. बॅटरी फुगून तळ किंवा कळफलक उचलला गेला असेल, तर यंत्राचा वापर आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे. तेथे चालढकल म्हणजे आगीला आमंत्रण. पुन्हा सुरू केल्यावर आपले अर्धवट काम जसेच्या तसे समोर आले, तर यंत्र बंद पडलेलेच नव्हते, ते केवळ निद्रिस्त झाले होते, आणि त्याचा इलाज सेटिंगमध्ये आहे.

विंडोज आपला एक रोजनामचाही ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टिम’ या दप्तरात ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद आढळली की पुष्कळजण हादरतात, वस्तुतः ती नोंद मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. अधिक बोलकी परीक्षा म्हणजे यंत्र सुरू करताना बायोसच्या पडद्यावर जावे आणि ते तसेच चालू ठेवावे. तेथेही ते मिटले, तर विंडोजचा त्यात काहीएक संबंध नाही, आणि फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याला ही हकिगत शांतपणे ऐकवावी.

साफसफाई जाणत्याकडून करवावी, पण समोर बसून. झाकण उघडताच प्रथम बॅटरीची जोडणी काढली जाते की नाही, हे पाहावे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. आणि जुन्या यंत्रात प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी.

एवढे करूनही यंत्र थंड राहून मंदच चालले, तर मग डिस्ककडे वळावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कचा रकाना वारंवार शंभर टक्क्यांना भिडत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविण्याइतका गुणकारी खर्च दुसरा नाही. मेमरी चार जीबी असल्यास ती आठ करावी.

राहता राहिला विंडोज १० चा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला, आणि ज्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही अशी यंत्रे त्यामुळे मंद होत नाहीत. ‘आता ही जुनी झाली’ म्हणून नवे यंत्र गळ्यात मारणाऱ्याचे म्हणणे निम्मेच खरे. एसएसडी घातलेल्या अशा लॅपटॉपवर इंटरनेट न जोडता हळदीच्या आवक-जावकीचा हिशेब खुशाल ठेवावा, बँकेचा व्यवहार मात्र त्यावर करू नये. तो का करू नये, हा विषय पुढील लेखांकाचा.