जामखेडची शाळा आणि आपले होणारे डॉक्टर

आपल्या मंडळींच्या घरात मुलाने किंवा मुलीने 'डॉक्टर व्हायचंय' म्हटलं, की आनंदीआनंद असतो. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला : कशातला? हृदयाचा, मेंदूचा की हाडांचा? 'फॅमिली डॉक्टर' असं उत्तर आलं की चेहरे जरा उतरतात. आणि 'गरीब देशांत जाऊन काम करणार' असं पुढे आलं, की बैठकीत शांतताच पसरते! आम्ही पेशाने इंजिनीअर. वैद्यकातलं आम्हाला काय कळणार? पण वुडलँड्सच्या घराघरांतून ही चर्चा वारंवार कानावर येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

या क्षेत्राला हल्ली 'ग्लोबल हेल्थ' म्हणतात. नाव साहेबी असलं, तरी त्याचा एक मोठा धडा आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गिरवला गेला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरला शिकलं, पुढे अमेरिकेत गेलं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि 1970 साली जामखेडला येऊन राहिलं. तिकडेच स्थायिक झाले असते तरी कुणी नावं ठेवली नसती.

गावकऱ्यांना औषधापेक्षा पाणी आणि अन्न आधी हवं होतं. आरोळ्यांनी ते ऐकून घेतलं आणि कामाची सुरुवात तिथूनच केली. गावोगावी नर्स ठेवून पाहिल्या, पण ते नीट जमेना. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. 1971 साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुलं वर्षाच्या आत दगावत. काही वर्षांतच हा आकडा निम्म्याच्याही खाली आला.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर यंत्राचा बिघाड सर्वांत आधी कुणाला कळतो? हेड ऑफिसातल्या तज्ज्ञाला नव्हे, रोज यंत्राशेजारी उभं राहणाऱ्या कामगाराला! तज्ज्ञ लागतोच, पण त्याला वेळेवर बोलावणारं कुणी तरी हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या एका ग्रंथात जामखेडवर प्रकरण होतं. 1979 साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990च्या दशकात तिथे प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला येतात आणि त्यांना शिकवायला उभी असते ती गावातलीच आरोग्य सेविका. पदवीधराने जमिनीवर बसून तिचं ऐकायचं. आम्हाला वाटतं, खरं प्रशिक्षण ते हेच.

गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेसुद्धा जॉन्स हॉपकिन्सहून परतलेले. त्यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू तीन वर्षांत सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर नेली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं खेड्यापाड्यांचं. सिंगापूरला त्याचं काय? पण इथेही जुलै 2023 पासून 'हेल्दियर एसजी' योजनेत प्रत्येकाने आपला एक ठरावीक फॅमिली डॉक्टर निवडावा, असा आग्रह आहे. लोकसंख्या म्हातारी होते आहे. मधुमेह, रक्तदाब हे आजार इस्पितळात नव्हे, घरात सांभाळायचे असतात. आणि आपल्या वुडलँड्सपुरतं बोलायचं, तर मार्च 2020 मध्ये कॉजवे बंद झाला तेव्हा पलीकडे जोहोरला राहून रोज इथे कामाला येणाऱ्यांची केवढी ताटातूट झाली! पूल बंद करता येतो. पण रोगराईवर तो कायमचा उपाय नव्हे. शेजाऱ्याचं आरोग्य हे आपलंही आरोग्य, एवढाच 'ग्लोबल हेल्थ'चा साधा अर्थ.

अर्थात आईबापांची काळजी खोटी नाही. या वाटेवर पैसा कमी, स्थैर्य त्याहून कमी. म्हणून आमची सूचना व्यवहाराची आहे. आधी फॅमिली मेडिसिनचं शिक्षण पक्कं करावं. त्यावर पोट कुठेही भरतं. मग सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं. तशी सोय इथे एनयूएसमध्येही आहे. आणि मराठी नीट बोलता यायला हवं! जामखेडच्या बाईचं बोलणं थेट कळणं ही आपल्या मुलांजवळची शिदोरी आहे. ती परदेशी डॉक्टरला दुभाष्यावाचून मिळत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून, आधी विचारून, मुलांना जामखेड दाखवून आणा. 'कशातला डॉक्टर?' हा प्रश्न मग त्यांना विचारा. उत्तर काहीही येवो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहून दिलेलं असेल.