मोठा फोटो, छोटी अंधारखोली

अजिंठ्याच्या लेण्यांची छायाचित्रे रॉबर्ट गिल यांनी १८५६ पासून टिपायला सुरुवात केली. त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीत काचेवरचे रसायन ओले असतानाच फोटो धुवावा लागे, म्हणून अंधारखोली कॅमेऱ्याजवळच लागे. आज छत्रपती संभाजीनगरातल्या हौशी छायाचित्रकाराला फिल्मवरून मोठा कृष्णधवल फोटो घरीच करायचा असेल, तर फ्लॅटचे बाथरूमच हाताशी असते. तिथे जागेपेक्षा हवेची काळजी आधी घ्यावी लागते.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर ती जागा वापरूच नये. उजेड अडवण्यासाठी झरोका बंद केला, की हवाही अडते. अशा खोलीत गिझर पेटला, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

१६ बाय २० इंचांच्या फोटोला डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर असे तीन ट्रे शेजारी शेजारी मांडले, तर सुमारे पाच फूट लांबी लागते. ते एकावर एक मांडणीत ठेवता येतात. त्याहून सोयीचा उपाय म्हणजे प्रकाशबंद नळकांडे. अंधारात कागद आत भरून झाकण लावले, की बाकीचे काम दिवा लावून होते. रसायन थोडे लागते आणि उघडे राहत नाही, त्यामुळे वाफही कमी होते. एन्लार्जरचा खांब अपुरा पडल्यास त्याचे डोके फिरवून प्रतिमा भिंतीवर पाडतात. ८ बाय १० वरून १६ बाय २० वर गेल्यास क्षेत्रफळ चौपट होते. प्रकाश तेवढा पसरतो आणि एक्स्पोजरही सुमारे चौपट द्यावे लागते.

आम्लयुक्त फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. दमा असलेल्यांना त्याचा त्रास होतो. म्हणून एक्झॉस्ट पंखा रसायनांच्या बाजूला असावा आणि ताजी हवा समोरून, दाराखालून यावी. तिथे काळ्या पुठ्ठ्याची नागमोडी वाट केली, तर हवा येते, उजेड येत नाही. डेव्हलपरमधल्या मेटॉलमुळे काहींच्या हातावर पुरळ उठते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. ओल्या हाताने स्विचला हात लावू नये आणि विजेच्या जोडणीला आरसीसीबी असावा.

डेव्हलपरचे तापमान साधारण २० अंश सेल्सियस धरतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याहून बरेच गरम असते. बर्फाच्या पाण्याच्या टबात रसायनाची बाटली ठेवून पहाटे काम करावे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उरते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक असते. म्हणून ते मोरीत न ओतता चांदी काढून घेणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावे. रसायने पाण्याच्या बाटलीत भरू नयेत; नाव लिहून मुलांपासून दूर ठेवावीत.

काम सुरू असताना डोळे चुरचुरले किंवा छाती जड वाटली, तर लगेच दार उघडावे. कागद वाया गेला तर दुसरा घेता येतो.