तळणीची दोन मिनिटे

22 जानेवारी 1898 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विदर्भ ओलांडत ईशान्येकडे गेला. त्या पट्ट्यात विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर, जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल, तर मुंबईहून नागपूर-गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, धामणगावशेजारच्या तळणी येथे वॉल्टर व ॲनी माँडर यांनी तळ दिला होता.

त्या काळी सूर्यालगतच्या आकाशाविषयी एक प्रश्न बाकी होता. बुधाची कक्षा गणिताने सांगितली त्याहून शतकाला सुमारे 38 विकला अधिक सरकते, हे खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी 1859 मध्ये दाखविले होते, आणि बुधाच्याही आत एखादा ग्रह किंवा लघुग्रहांचा थवा असावा, असा त्यांचा तर्क होता. असे पिंड सूर्यापासून कधीच फार दूर जाणार नाहीत, म्हणून ते टिपण्यास खग्रास स्थितीची मिनिटेच काय ती उपलब्ध असत.

या कामी मोठी दुर्बीण फारशी उपयोगी नसते, कारण ती आकाशाचा लहानसा तुकडाच पाहते. शिवाय किरीटाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ तेजोमंडलाचा, आणि ग्रहणातही उरणाऱ्या आकाशाचा उजेड छायाचित्राच्या काचेवर साचत जातो. त्यामुळे प्रकाश घेण्याचा काळ कितीही वाढविला, तरी एका मर्यादेपलीकडे अंधुक ठिपका त्या उजेडात बुडतोच. तळणी येथे ॲनी माँडर यांनी अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने किरीटाचा सुमारे 60 लक्ष मैल लांबीचा किरण टिपला. विवाहामुळे ग्रिनिचची नोकरी सोडावी लागलेल्या या गणितज्ञ स्त्रीने रुंद दृष्टिक्षेत्राच्या लहान कॅमेऱ्याचे सामर्थ्य येथे सिद्ध केले, ही या ग्रहणाची मोलाची कमाई मानली पाहिजे.

पुढे लिक वेधशाळेच्या चार्ल्स पेराइन यांनी 1901, 1905 व 1908 च्या ग्रहणांत बुधाच्या आतील पिंडांचा हा शोध पद्धतशीरपणे घेतला. एकाच क्षेत्राची दुहेरी छायाचित्रे घेतल्याने काचेवरील डाग आणि खरा पिंड वेगळे ओळखता येत, आणि उरलेला प्रत्येक ठिपका ताऱ्यांच्या यादीशी पडताळला जाई. आठव्या प्रतीपर्यंतचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अखेरच्या ताऱ्याहून सुमारे सहा पट अंधुक, असा एकही अनोळखी पिंड आढळला नाही. बुधाचे कोडे 1915 मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने उलगडले. पण लहान लघुग्रहांची शक्यता त्याने मिटली नाही, आणि आता सूर्याभोवती फिरणाऱ्या अवकाशयानांच्या छायाचित्रांतूनही सुमारे सहा किलोमीटरहून मोठा असा पिंड सापडलेला नाही.