लाकडी कातकाम : धुळीची तरतूद आधी करावी

बोईसर-तारापूरचे नाव निघाले की रसायने, औषधे आणि पोलाद यांचे कारखाने आठवतात. परंतु आपल्या कुटुंबातील एखाद्या तरुणास दुकानाच्या जोडीने लहानसे उत्पादन सुरू करावयाचे असेल, तर लाकडी कातकाम हाही विचार करण्याजोगा व्यवसाय आहे. लाटणी, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, खेळणी हे सारे लेथवर घडते. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळण्यांना या कलेनेच आकार दिला.

अशा उद्योगाच्या प्रकल्प अहवालात लेथ, मोटर, हत्यारे, लाकूड व गाळ्याचे भाडे यांचा हिशेब काटेकोर मांडला जातो. धूळ ओढणारे यंत्र मात्र ‘पुढे पाहू’ म्हणून सहज मागे पडते. लाकडाची धूळ ही निव्वळ अस्वच्छता नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. नाक व त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग तिच्याशी निगडित आहे. दमा आणि त्वचेचे विकारही तिच्यामुळे जडतात.

धारदार हत्याराने कातताना निघणाऱ्या ढलप्या जड असतात. त्या खाली पडतात व झाडूने गोळा होतात. पॉलिश पेपरने घासताना उडणारी बारीक धूळ मात्र दीर्घकाळ हवेत तरंगते आणि श्वासावाटे आत जाते. म्हणून शोषक नळीचे तोंड घासकामाच्या अगदी लगत हवे. ४ इंची नळीच्या तोंडापासून ४ इंच दूर गेल्यास हवेची ओढ जेमतेम दशांश उरते. नळी आखूड असावी, वळणे कमी असावीत. प्रथम जड भुसा खाली पाडणारा सायक्लोन व त्यानंतर बारीक फिल्टर, असा क्रम ठेवावा. साधी कापडी पिशवी बारीक धूळ पुन्हा गाळ्यातच सोडते. पावसाळ्यातील दमट हवेत फिल्टर लवकर कोंदतो. त्याच्या सफाईचा वार ठरवावा. त्याच यंत्राला लोखंड घासण्याचे ग्राइंडर जोडू नये. ठिणगीने साठलेला भुसा पेट घेतो. एन-९५ मास्क वापरावाच, परंतु तो यंत्राला पर्याय नव्हे.

हे यंत्र पहिल्याच मुदत कर्जात समाविष्ट करावे. पुढे घ्यावयाचे ठरल्यास पैसा खेळत्या भांडवलातून जातो आणि ऐन लाकूडखरेदीच्या वेळी ओढाताण होते. शिवाय मालक गल्ल्यावर बसतो. दिवसभर त्या हवेत कारागीर उभा असतो. त्याच्या आरोग्याची जबाबदारी मालकावरच येते. म्हणून लेथचे दरपत्रक मागवाल, त्याच दिवशी धूळशोषक यंत्राचेही मागवावे.