पाळण्यापाशी बसलेली ती कोण?

वर्गात युरोपच्या प्रबोधनकाळाचा धडा चालला होता. फळ्यावर लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल अशी नावं लिहून झाली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, यांत एकही बाई कशी नाही हो?"

मी "पुढच्या तासाला सांगते," म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला. भाजी निवडतानाही तो डोक्यातून जाईना. मग पुस्तकं शोधली, आणि बायका सापडल्या!

सतराव्या शतकात युरोपात बरोक शैली होती. गडद अंधारातून एका बाजूनं येणारा झगझगीत उजेड आणि नाटकातल्यासारखे प्रसंग, ही तिची खूण. रोममध्ये १५९३ साली जन्मलेली आर्तेमिसिया जेंतिलेस्की याच शैलीत पुरुषांच्या तोडीची चित्रं काढत होती. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीनं तिला सभासद करून घेतलं. तिथली ती पहिलीच स्त्री. पुढे फ्रान्समध्ये एलिझाबेथ व्हिजे लब्रँ हिनं राणी मारी आंत्वानेतची कितीतरी चित्रं काढली. १७८३ मध्ये ती राजाच्या अकादमीत गेली. पण त्या अकादमीत एका वेळी चारच स्त्रिया, असा दंडक होता. या दोघींचेही वडील चित्रकार होते, हे विसरू नका. घरातच रंग घोटले जात होते, म्हणून मुलीच्या हाती कुंचला आला. बाकीच्या मुलींना तो कोण देणार? पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं तर १८९७ पर्यंत मुलींना दारातही उभं केलं नाही.

मला सर्वांत जवळच्या वाटल्या त्या मोरिझो बहिणी. एडमा १८३९ ची, बेर्त १८४१ ची. वडील मोठे सरकारी अधिकारी, घर सुखवस्तू. मुलींना थोडी चित्रकला यावी, एवढ्याच हेतूनं आईनं शिकवणी लावली. शिक्षकांनीच आईला सावध केलं, की या मुली नुसत्या हौसेवर थांबणाऱ्या नाहीत, खऱ्या चित्रकार होतील. तुमच्या समाजात ते झेपेल का, याचा विचार करा. आईनं शिकवणी बंद केली नाही. १८६४ मध्ये पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात दोघींची चित्रं लागली.

१८६९ मध्ये एडमाचं लग्न झालं. नवरा आरमारात अधिकारी. ती दूर बंदराच्या गावी गेली आणि तिचं चित्र काढणं सुटलं. कुणी मनाई केल्याचं कुठं वाचनात आलं नाही. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत मात्र ती म्हणे, की मन तुझ्याच चित्रखोलीत असतं, घटकाभर तरी तिथं यावंसं वाटतं.

१८७२ मध्ये बेर्तनं 'पाळणा' हे चित्र काढलं. पांढऱ्या झिरझिरीत पडद्याआड तान्ही मुलगी झोपली आहे. शेजारी आई बसली आहे, एक हात गालाशी, दुसऱ्या हातात पडद्याची कड. ती आई म्हणजे एडमा! आता पुन्हा चित्र बघा. त्या नजरेत माया आहे, दमणूक आहे, आणि आणखीही काहीतरी आहे. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

१८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात हे चित्र होतं. ते विकलं गेलं नाही. देवादिकांचे नि लढायांचे विषय सोडून डोळ्यांसमोरचा उजेड, रोजचं आयुष्य रंगवायचं, असं या मंडळींचं म्हणणं. घरंदाज बाईला एकटीनं कॅफेत जाता येत नव्हतं. पण बाग, गच्ची, पाळणा तर घरचेच! बेर्तनं त्यांचंच सोनं केलं. त्याच वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिनं लग्न केलं. नवरा समजूतदार मिळाला, घरात नोकरचाकर होते, हेही खरं. या गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत तिची चित्रं होती. एक चुकलं ते मुलीच्या जन्मामुळे. १८९५ मध्ये ती वारली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला गेला, 'काही नाही'!

पुढे आधुनिक कलेच्या उंबरठ्यावर जर्मनीच्या पाउला मोडरसन-बेकरनं आई आणि मूल धीटपणे, गोडवा न लावता रंगवलं. १९०७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आतच ती गेली; वय अवघं एकतीस.

'पाळणा' १९३० मध्ये लूव्र संग्रहालयानं विकत घेतला. आता तो पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. चित्राखाली नाव बेर्तचं आहे. पण मला आठवते ती एडमा. लग्नात सोबत आणलेली पेटी, सतार, वही माळ्यावर गेली, ती कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, अशा किती एडमा आपल्या ओळखीच्या असतील!

पुढच्या तासाला मी फळ्यावर चार नावं लिहिली. आणि पाचवं, एडमाचं.