पाहुणा कुठे रमतो?
चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडे ऊस नाही, धान आहे. धान निघाले की त्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. मंडळ्या बहुतेक गडचिरोलीतल्या वडशाच्या. ज्या गावी नाटक, तिथे घरोघरी लेकी-जावई, सोयरेधायरे. खेळ रात्रभर, मग पाहुण्याचे जेवणखाण ओघाने आलेच. शेजारचे बिननाटकाचे गाव तेवढे मोकळे वाटत नाही. माणसे तीच हो, पण पाहुण्याची सवय मोडलेली!

आपल्याकडे बारमाही पाणी, त्यामुळे काम संपतच नाही. दाराला कुलूप, मालक फडात. आमच्या जत्रेतले नाटकही बंद पडून बरीच वर्षे झाली. मागे एका परगावच्या माणसाने आमच्या एस.टी. स्टँडवर रात्र काढली. गावाला सकाळी कळले.